तोकुनागाबाईंचा जादा कागद

आमच्या संस्थेत उंदरांच्या खोल्यांत शिरण्याआधी एका काचेच्या कपाटात वीस सेकंद उभं राहावं लागतं. चारी बाजूंनी वारा सुटतो आणि अंगावरची धूळ उडवून नेतो. वीस सेकंदांत माणसाने करावं तरी काय? प्रोफेसर उराबे डोळे मिटतात आणि बहुधा झोपतात. मी आकडे मोजतो. किनुए तोकुनागा, वय अठ्ठावन्न, त्या वीस सेकंदांत टोपीखालचे केस दोनदा आत खोचतात, हातमोज्यांची बोटं ओढतात, काचेवर टकटक करून बाहेरच्याला "तुमची नाडी लोंबतेय" असं खुणेने सांगतात, आणि वारा थांबायच्या आत दार ढकलून बघतात. दार उघडत नाही. एकोणीस वर्षांत एकदाही उघडलेलं नाही. एकोणीस वर्षं बाई ढकलताहेत.

तशी ओसाकाची माणसं सगळीच उतावळी. सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबणं हे आमच्याकडे पाहुण्याचं लक्षण समजतात. पण तोकुनागाबाई आमच्यातही पुढे. घरून निघताना सायकलवर बसायच्या आत त्यांचं पहिलं पायडल मारून झालेलं असतं. कपडे बदलायच्या खोलीत त्यांच्या कपाटात गोड गोळ्यांची एक बरणी असते. आमच्याकडे गोळीलाही लाडाने 'चान' लावून 'अमे-चान' म्हणतात. उंदरांच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बाई ती कोंबतात. अमेरिकेतून आलेल्या एका नामांकित पाहुण्याने नम्रपणे नकार दिला, तर बाईंनी त्यांच्या कोटाच्या खिशात घातली आणि वर थोपटली.

काम म्हणाल तर चारशे पिंजरे. एकेका पिंजऱ्यात पाच काळे उंदीर. आठवड्यातून एकदा प्रत्येक पिंजरा बदलायचा. नवा भुसा, नवं पाणी, नवं खाणं आणि घरट्यासाठी एक कागद. उंदीर तो कागद दातांनी फाडून त्याचा कापूस करतात आणि त्यात एकमेकांना चिकटून झोपतात. मग वहीत नोंद: तारीख, पिंजऱ्याचा नंबर, जिवंत किती, मेलेले किती. शेवटचा रकाना 'शेरा'. बाकीचे कामगार तिथे एक आडवी रेघ मारतात. तोकुनागाबाईंना रिकामी जागा सोसत नाही, त्या लिहितात. ते कोण वाचतं असं मी एकदा विचारलं होतं.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मनातलं लिहिता येतं."

आता निशिवाकीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याच्या मानेवर सुरी ठेवणारी आहे.

निशिवाकी आमच्या प्रयोगशाळेतला चौतिशीतला संशोधक. उंच, वाकलेला, दुपारचं जेवण विसरणारा. त्याची नेमणूक मार्चअखेर संपणार होती आणि एकदा ती संपली की आमच्याकडे वाढवून मिळत नाही. काम त्याचं असं. आपल्या अंगात टी पेशी नावाचे पहारेकरी फिरत असतात. कुठे काही वावगं दिसलं की धरायचं आणि संपवायचं, हा त्यांचा धंदा. कर्करोगाची गाठ मात्र महालबाड. पहारेकरी जवळ आला की ती त्याच्या अंगावरचं एक ठरावीक बटण दाबते. पहारेकरी तिथल्या तिथे ढिला पडतो आणि जांभया देत उभा राहतो. हे बटण दाबूच द्यायचं नाही अशी औषधं आता आहेत. निशिवाकी त्यातल्या दोन औषधांची नवी जोडी लावून बघत होता. यात एक मेख आहे. असा मोकळा सोडलेला पहारेकरी गाठीला झोडपतो ते ठीकच, पण हात शिवशिवायला लागले की घरच्यांनाही झोडपतो. आतडी सुजतात, पोट बिघडतं, अंगभर दाह होतो. औषध घेतलेले उंदीर पाठीची कमान करून, केस फुलवून कोपऱ्यात बसतात.

साठ उंदीर, बारा पिंजरे. सहा पिंजऱ्यांना औषध, सहांना नुसतं पाणी. कुठल्या पिंजऱ्याला काय हे सांभाळणाऱ्याला कळू नये म्हणून पिंजऱ्यांवर फक्त नंबर. कुठल्या नंबराला काय, ती यादी निशिवाकीच्या खणात. शास्त्राच्या दृष्टीने चोख व्यवस्था. पण एकोणीस वर्षं उंदीर पाहिलेल्या बाईला चिठ्ठी कशाला लागते? पाठ बघितली की झालं.

बाईंनी पाठी बघितल्या. त्या सहा पिंजऱ्यांत त्यांनी एकाऐवजी दोन कागद घातले.

नियम एका कागदाचा होता, हे त्यांना माहीत होतं. पण नियम करणाऱ्याने ते उंदीर बघितले नव्हते, असं त्यांचं म्हणणं. चार आठवडे त्यांनी हे केलं आणि कामाच्या धबडग्यात विसरूनही गेल्या.

सप्टेंबरच्या शेवटी निशिवाकीने आलेख दाखवला. पडद्यावर दोन रेघा. लाल रेघ, औषध नसलेल्यांच्या गाठींची, जिना चढावा तशी वर गेलेली. निळी रेघ जमिनीलगत सरपटलेली. उराबे सेन्सेई जागे असल्याचं दिसलं, आणि ते टाळ्या वाजवत होते. माझ्या यंत्रानेही त्याला साथ दिली होती. मी पेशी मोजणाऱ्या यंत्रावर बसतो. औषधवाल्यांच्या गाठींत टी पेशी खच्चून भरल्या होत्या, आणि मी तो आकडा जरा जास्तच मोठ्या आवाजात वाचला. त्या संध्याकाळी निशिवाकीने सगळ्यांना ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले गरमागरम गोळे, खिलवले. तोकुनागाबाईंनाही बोलावलं. गरम गोळ्याने त्यांची जीभ भाजली असतानाच तो त्यांच्यासमोर कमरेतून वाकला.

"तोकुनागा-सान, तुमच्या हातांमुळे हे उंदीर शेवटपर्यंत टिकले. नाहीतर दाहानेच मेले असते."

"हां हां," बाई तोंडावर हात धरून म्हणाल्या. "आधी तो चटणीचा डाग पूस, मग नमस्कार कर."

दहा दिवसांनी कामगारांचं सक्तीचं प्रशिक्षण झालं. दरवर्षी होतं. अर्धा दिवस अंधाऱ्या सभागृहात बसायचं आणि शेवटी सही करायची. या वर्षी एक तरुण पशुवैद्य आली होती. पहिल्या दहा मिनिटांत चाळीसपैकी अडतीस माणसं पेंगली. एकोणचाळिसावा फोन बघत होता. जाग्या होत्या त्या तोकुनागाबाई, कारण बसायचंच त्यांना जमत नाही तिथे झोप कुठली. त्यामुळे सभागृहात त्या एकट्यांनीच ऐकलं की आपण उंदरांना तेवीस अंशांवर ठेवतो ते माणसाच्या सोयीसाठी. उंदराला हवं असतं तिसाच्या आसपास. तेवीस अंशांत उंदीर आयुष्यभर गारठलेला असतो. ऊब टिकवण्यात त्याची ताकद जाते, अंगात ताणाचं रसायन वाढतं आणि त्या रसायनाने पहारेकरी पेशी मंदावतात. गारठलेल्या उंदराची गाठ भराभर वाढते, उबेतल्याची हळू. "म्हणून," ती मुलगी म्हणाली, "घरट्याचा कागद सगळ्या पिंजऱ्यांत सारखाच हवा. नाहीतर औषध काम करतंय की कागद, हे कळायचं कसं?"

बाई उठल्या. मग बसल्या. मग उठल्या आणि बाहेर गेल्या. सही करायची राहिली, ती दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कोणीतरी येऊन घेऊन गेलं.

त्यानंतरच्या बाई वेगळ्या होत्या. धावपळ तीच, पण तिला ठिकाण राहिलं नाही. मंगळवारचे पिंजरे सोमवारी बदलायला घ्यायच्या, अर्ध्यात थांबायच्या. झाडलेली फरशी झाडायच्या. गोळी देताना एकाच माणसाला तीन द्यायच्या आणि पुढच्याला काहीच नाही. वाऱ्याच्या कपाटात मात्र आता त्या वीसच्या वीस सेकंद हात लोंबकळवत उभ्या राहायच्या, दार उघडल्यावरही. मागे रांग लागायची. तेव्हा मला कळलं की काहीतरी फार बिघडलं आहे.

या प्रयोगावरचा शोधनिबंध छापायला पाठवायची तारीख ठरली होती: ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. तोवर सांगायचं, एवढंच बाईंना करायचं होतं.

पहिल्या प्रयत्नात त्या एक पिशवीभर संत्री घेऊन निशिवाकीच्या टेबलाशी गेल्या.

"निशी-चान, एक बोलायचं होतं."

"बोला ना. पण आधी हे बघा!" त्याने एक पत्र पुढे केलं. सेन्दाईच्या विद्यापीठाने एप्रिलपासून पक्की जागा देऊ केली होती, निबंध स्वीकारला गेला तर. "आईला फोन केला. आई रडायलाच लागली."

"रडली?"

"आनंदाने हो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तुम्ही काय म्हणत होतात?"

बाई संत्र्याचं साल सोलत उभ्या. सगळं संत्रं सोलून झालं, शिरासुद्धा काढून झाल्या.

"जेवलास का, विचारत होते."

दुसऱ्यांदा त्या थेट उराबे सेन्सेईंकडे गेल्या. सेन्सेई एका सभेतून दुसऱ्या सभेकडे निघाले होते. चालता चालताच त्यांनी ऐकलं, म्हणजे ते ऐकतात तेवढंच ऐकलं, आणि म्हणाले, "पिंजऱ्यांबद्दल काही असेल तर त्याचा अर्ज असतो. तो भरा. अर्ज आला की मी बघतो." बाईंनी अर्ज आणला. चार चौकटी होत्या: चावा, पलायन, मृत्यू, उपकरणात बिघाड. बराच वेळ पेन हवेत फिरलं. शेवटी त्यांनी 'उपकरणात बिघाड' वर खूण केली आणि खाली तपशिलात लिहिलं, 'उपकरण: तोकुनागा किनुए.' मग फाडून टाकला.

तिसऱ्यांदा त्या माझ्याकडे आल्या. कँटीनमध्ये, उदोनचा वाडगा समोर ठेवून. नूडल्स फुगून वाडग्याबाहेर यायला लागल्या तरी त्यांनी काड्या उचलल्या नव्हत्या. सगळं सांगितलं. मी ऐकलं, आणि एका शहाण्या माणसाने जे बोलावं ते बोललो.

"एका कागदाने असा किती फरक पडणार? आत्ता निबंध जाऊ द्या. पुढे कोणीतरी हा प्रयोग पुन्हा करणारच. चूक असली तर तेव्हा सापडेल."

"तोवर ते औषध माणसांना देतील ना?"

"तोवर बरीच वर्षं जातात, तोकुनागा-सान."

"ती पोटं सुजलेली माणसं," बाई म्हणाल्या. "त्यांना दुसरा कागद कोण देणार आहे?"

मी माझ्या वाडग्यात बघितलं.

"तुमचं ते यंत्र सेकंदाला दहा हजार पेशी मोजतं म्हणता ना? त्यात एखादी कण्याची सापडली तर कळवा." आणि त्या उठून गेल्या. वाडगा तसाच. अन्न टाकून उठणारी बाई नव्हे ती. मी लाजेने दोन्ही वाडगे संपवले.

बुधवार उजाडला. निबंधाला दोन दिवस उरले होते.

त्या बुधवारी आमच्याकडे प्राण्यांच्या स्मरणाचा दिवस होता. इमारतीमागे कापराच्या झाडाखाली एक ग्रॅनाइटचा दगड आहे. वर्षभरात प्रयोगात मेलेल्या सगळ्या जिवांसाठी शरदात एकदा सगळी संस्था काळे कपडे घालून तिथे जमते. दगडापुढे सफरचंदं, गाजरं आणि उंदरांच्या खाण्याच्या वड्या ठेवतात. संचालक भाषण करतात. मग प्रत्येकजण एक पांढरं शेवंतीचं फूल वाहून वाकतो. ज्या हाताने मंगळवारी मान मोडली त्याच हाताने बुधवारी फूल वाहायचं. याला कोणी ढोंग म्हणतं, कोणी हिशेब चुकता करणं. आम्ही फार विचार करत नाही. न करता मात्र राहवत नाही. गेल्या वर्षी पावसामुळे रद्द करायचं ठरलं, तर संशोधक मुलं छत्र्या घेऊन आपापली गेली.

सांभाळणाऱ्यांच्या वतीने दोन शब्द बोलायचे असतात. एरवी ते कामगारांचे मुकादम बोलत. ते निवृत्त झाले होते. म्हणून मान तोकुनागाबाईंचा. बाईंनी लिहिलेला मसुदा ऑफिसात गेला होता आणि तिथल्या मुलीने त्यातलं सगळं काढून दुसरं घातलं होतं.

बाई दगडासमोर आल्या. काळा पोशाख त्यांना दंडांत घट्ट होत होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"मानवजातीच्या आरोग्यासाठी आपल्या अमूल्य प्राणांचं दान करणाऱ्या…"

थांबल्या. पुन्हा तीच ओळ वाचली. पुन्हा थांबल्या. मग कागदाची घडी घातली.

"हे ऑफिसातल्या मुलीने लिहून दिलंय. चांगलं लिहिलंय बिचारीने. पण तुम्हाला माझा आवाज ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल ही कोण भलतीच. तर ऐका. तिसऱ्या खोलीतले, डाव्या मांडणीवरचे साठजण. तुमच्याशी बोलतेय."

संचालकांनी ऑफिसातल्या मुलीकडे बघितलं. मुलीने आकाशाकडे.

"तुमच्यातल्या तीसजणांना मी दोन दोन कागद दिले. औषधाने तुमच्या पाठी वाकल्या होत्या, मला बघवेना. बाकीच्या तीसजणांना एकेकच दिला. तुम्ही बरे दिसत होतात, म्हणून. मला वाटलं, एक कागद, त्यात काय. आता कळतंय, तुम्हालाही थंडीच वाजत होती, फक्त तुम्ही ती दाखवत नव्हतात. तुमच्या गाठी वाढल्या त्यात माझा किती हात आणि रोगाचा किती, मला सांगता येत नाही. आणि ह्या शुक्रवारी सगळं औषधाच्या नावावर जाणार आहे. जिवंत माणसांना सांगायला तीनदा गेले. जमलं नाही. तुम्हाला सांगितलं. चुकलं माझं."

आणि वाकल्या. इतका वेळ वाकलेल्या राहिल्या की आमच्यातल्या कोणाला वाटलं त्यांना चक्कर आली.

कापराच्या झाडावर एक कावळा होता, त्याची नजर सफरचंदावर होती. दीडशे माणसांत तेवढाच हलत होता. रांगेत निशिवाकी माझ्यापुढे तिसरा. त्याची पाळी आली तेव्हा त्याने फूल ठेवलं, नीट ठेवलं, देठ दगडाकडे करून, आणि वाकायचं विसरून निघून गेला.

मी त्याच्यामागे गेलो, कारण माझाही अपराध होताच. कपडे बदलायच्या खोलीत तो बाईंच्या कपाटासमोर उभा होता. बाई आल्या.

"दोन दिवस," तो म्हणाला. "दोन दिवस दम निघाला नाही तुम्हाला?"

"दोन दिवसांनीच तर ते जाणार होतं."

"मला एकट्याला सांगायचंत! सगळ्या संस्थेपुढे? संचालकांपुढे?"

"मी उंदरांना सांगितलं. संचालक मधे उभे होते त्याला मी काय करू?"

"तोकुनागा-सान!"

"आले होते रे तुझ्याकडे. तू आईचं सांगितलंस."

"मग?"

"मग काय. जेवलास का विचारलं."

निशिवाकीने हसू नये म्हणून दात आवळले, आणि हसू आलं नाही याचाच त्याला जास्त राग आला असावा.

"नियम एका कागदाचा आहे."

"आहे."

"तो मोडला तर नोंद करायची असते! निदान नोंद! कुठला पिंजरा, कधी, किती…"

"केलीय."

"काय?"

"शेऱ्यात लिहिलंय. सगळं."

वही आणली. होतंच. प्रत्येक आठवड्याला, प्रत्येक पिंजऱ्यापुढे: '३१७: पाठी वाकलेल्या, केस उभे. कागद १ जादा.' '३१९: तिघे कोपऱ्यात. कागद १ जादा.' चार आठवडे, एक पिंजरा चुकलेला नाही. त्याखाली निशिवाकीची स्वतःची सही होती, प्रत्येक पानावर, कारण आठवड्याच्या शेवटी वही तपासून सही करणं त्याचं काम. शेऱ्यात रेघाच असणार या सवयीने त्याने ती न वाचताच केली होती. तो खाली बसला आणि वाचत राहिला. मधेच '२०४: आज सगळे खुशीत' होतं. आणि ऑगस्टच्या एका पानावर, उंदरांच्या यादीत, '३२२: ठीक. निशिवाकी-सान आजही जेवलेले दिसत नाहीत.'

शुक्रवारी निबंध गेला नाही.

उराबे सेन्सेईंनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एक सभा रद्द केली आणि वही वाचली. मग म्हणाले, प्रयोग पुन्हा करायचा. या वेळी चार गट: औषध आणि एक कागद, औषध आणि दोन, औषधाशिवाय एक, औषधाशिवाय दोन. सेन्दाईला निशिवाकीने खरं काय ते कळवलं. डिसेंबरात सेन्दाईने ती जागा दुसऱ्याला दिली. सेन्सेईंनी स्वतःच्या अनुदानातून त्याची आणखी एका वर्षाची सोय केली, तीही कोणत्या तरी सबबीखाली जिचं नाव त्यांना स्वतःलाही सांगता येत नव्हतं. बाईंना माफीपत्र लिहायला लावलं. त्यांनी चार पानं लिहिली. ऑफिसाने परत पाठवली, कारण चार पानांत 'पुन्हा असं करणार नाही' हे कुठेच नव्हतं.

"ते लिहिलं तर खोटं होईल," बाईंनी मला सांगितलं.

"मग काय लिहिलंत?"

"'पुन्हा विचारल्याशिवाय करणार नाही' असं लिहिलं. ऑफिसातल्या मुलीने शिक्का मारला. तीही कंटाळली होती."

पण ते तीन महिने! दुसऱ्या कोणाकडे पिंजरे द्यावेत असं कोणी सुचवलं, तर निशिवाकीनेच नको म्हटलं. नव्या माणसाला तो शेरा लिहायला कुठून शिकवणार? मात्र बाईंशी तो पिंजऱ्यांच्या नंबरांपलीकडे एक शब्द बोलत नव्हता. "तीनशे एकवीस." "झालं." "तीनशे चोवीस." "झालं." आणि बाईंना आता चिठ्ठीबरहुकूम वागायचं होतं. औषध घेतलेले, पाठी वाकलेले, आणि कागद एकच, असे तीन पिंजरे होते. त्यांच्यासमोर बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. पायांची चुळबुळ चालूच. कागदांचा गठ्ठा शेजारीच. एकदा मी बघितलं, त्यांनी वरचा कागद उचलला, ठेवला, उचलला, आणि मग तो गठ्ठाच खोलीबाहेर नेऊन ठेवला, म्हणजे हात लांबला तरी पोचू नये. मग प्रत्येक पिंजऱ्यासाठी एक कागद आणायला बाहेर फेरी. वाऱ्याच्या कपाटातून. प्रत्येक फेरीला वीस सेकंद. मंगळवारचं काम संपायला त्यांना संध्याकाळ व्हायला लागली, पण एकदाही एक कागद इकडचा तिकडे झाला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गाठी मोजून झाल्या. निशिवाकी खाली आला. बाई कपाटापाशी चपला बदलत होत्या. एक पाय चपलेत, एक हवेत.

"आकडे आले," तो म्हणाला.

बाई एका पायावर उभ्या.

"औषधाचा परिणाम आहे. पण आधी दिसला त्याच्या निम्माच. उरलेला निम्मा कागदाचा होता."

"म्हणजे तुझं औषध खोटं नाही."

"खोटं नाही. लहान आहे." त्याने भिंतीला पाठ टेकली. तो थकलेला दिसत होता, जेवलेलाही नव्हता, पण बाईंनी ते विचारलं नाही. "दोन कागद आणि औषध, त्यांच्या गाठी सगळ्यांत लहान. औषध आणि एक कागद, त्यांच्या त्याहून मोठ्या. औषध नाही पण दोन कागद, तिथेही थोडा फरक पडला."

"आणि औषध नाही, एकच कागद?"

"त्यांच्या सगळ्यांत मोठ्या."

"किती होते?"

"पंधरा."

बाईंनी हवेतला पाय खाली टेकला. चपलेत न घालता, थंड फरशीवर.

"मग सगळ्यांनाच दोन का नाही देत?"

"तसं नाही करता येत. मग जुन्या प्रयोगांशी तुलना कशी करायची? जगभर सगळे याच थंडीत ठेवतात."

"म्हणजे जगातले सगळे उंदीर गारठलेत, तर आपलेही गारठलेलेच बरे?"

"असं मी म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंस?"

  निशिवाकी आठवडाभर त्याच आकड्यांकडे बघत बसलेला माणूस, आणि हा प्रश्न त्याला स्वतःला पडला नसेल असं मला वाटत नाही. पडला असेल आणि त्याने तो बाजूला ठेवला असेल. अशा प्रश्नांसाठी आमच्याकडे बरीच मोठी बाजू आहे.

बाईंनी कपाटातून एक कागद काढला. घरट्याचा नव्हे, प्राणी समितीला करायचा अर्ज. आधीच भरलेला, दाट अक्षरात, समासापर्यंत.

"यावर संशोधकाचा शिक्का लागतो. माझा चालत नाही, मी विचारून आले."

"कधी विचारलंत?"

"नोव्हेंबरात."

तो वाचायला लागला. एका जागी थांबला.

"इथे 'गारठलेले बिचारे' असं लिहिलंय."

"मग काय लिहू?"

"'थंडीचा ताण'."

"तो बिचाऱ्यांनाच येतो ना?"

"समितीला तसं चालत नाही, तोकुनागा-सान." त्याने पेन काढून ते दोन शब्द खोडले, वर दुसरे लिहिले. खाली एक ओळ स्वतःची वाढवली, त्यात नवे आकडे घातले. मग खिशातून शिक्का काढला, त्यावर 'हाऽ' करून फुंकर मारली आणि अर्जाच्या कोपऱ्यात दाबला. जरा तिरका उमटला.

"शाई वाळू द्या," तो म्हणाला.

बाई जिन्यावर पोचल्या होत्या. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, अर्ज हवेत हलवत, वरून त्यांचा आवाज आला, "सेन्सेईंची सभा पाच मिनिटांत सुटते. वर जाईपर्यंत वाळेल."